घरावर छप्पर नाही: मुक्ता साळवेच्या निबंधाचा प्रकरण अभ्यास

'ज्ञानोदय' पाक्षिकाच्या 15 फेब्रुवारी 1855 च्या अंकात पुण्याच्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. उरलेला भाग 1 मार्चच्या अंकात आला. विषय होता मांग आणि महार लोकांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत शिकणारी. तिचं वय काही ठिकाणी 11 दिलेलं आढळतं, काही ठिकाणी 14. शाळेत येऊन तिला तीनेक वर्षं झाली होती. तिचं हे एवढंच लेखन आज आपल्यापाशी आहे.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. दर वर्षी निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा घरी येतो आणि दर वर्षी त्यात तोच पाऊस पडतो, तोच मोर नाचतो, तीच झुळझुळ नदी वाहते. आमच्या गावाला नदी नाही. मुलं खोटं लिहीत नसतात, गाईडमध्ये जे असतं ते लिहीत असतात, कारण निबंध म्हणजे असंच काहीतरी असतं हे आम्हीच त्यांना शिकवलेलं आहे. म्हणून हे एक प्रकरण मला नीट उकलून बघायचं होतं. तीन वर्षं शिकलेली मुलगी इतिहास, धर्म, रोजगार आणि बाळंतपण यांच्याबद्दल इतकं नेमकं कसं लिहू शकली? तिला काय मिळालं होतं, जे माझ्या वर्गातल्या मुलांना मिळत नाही?

आधी तिची परिस्थिती. मुलींसाठीची पहिली शाळा फुले दांपत्यानं 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात काढली. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा पुढच्या चार-पाच वर्षांत निघाल्या. शाळा काढणं एकवेळ सोपं म्हणावं लागेल, वस्तीतून मुलं आणणं अवघड होतं. ते काम लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी केलं. लहुजींच्या तालमीत जोतीराव स्वतः दांडपट्टा शिकले होते. मुक्ता याच लहुजींच्या घरातली. कुणी तिला त्यांची नात म्हणतात, कुणी पुतणी. लहुजींचा जन्म 1794 चा. म्हणजे 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि मुक्तानं निबंध लिहिला तेव्हा साठ वर्षांचे. दुसऱ्या बाजीरावाचा काळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस तिच्या कुटुंबात होता, हे ध्यानात ठेवून निबंध वाचला की त्यातली बरीच वाक्यं वेगळी ऐकू येतात.

निबंधाची सुरुवात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ईश्वराच्या स्मरणानं होते. पण त्या नमनातच तिनं एक खुंटी ठोकून ठेवली आहे: मांग, महार आणि ब्राह्मण या सगळ्यांना उत्पन्न करणारा एकच. पुढचा सगळा युक्तिवाद या खुंटीला बांधलेला आहे.

वेद कुणाचे, मग आमचं काय

तिचा पहिला मुद्दा तर्काचा आहे. ब्राह्मण म्हणतात, वेद ही आमची मत्ता, आम्हीच ते पाहावेत. ठीक, ती म्हणते. मग वेदाप्रमाणे वागणं हा ब्राह्मणांचा धर्म झाला. आम्हाला ते पुस्तक बघण्याचीही मोकळीक नाही, तर आम्ही धर्मरहित आहोत हे उघड आहे. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच कळव, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे चालू. आणि ज्या धर्माचा अनुभव एकानंच घ्यायचा, बाकीच्यांनी खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, तो धर्म पृथ्वीवरून नष्ट होवो.

या ठिकाणी मी दर वेळी थांबते. तिनं समोरच्याचं म्हणणं नाकारलेलंच नाही. ते पूर्ण मान्य केलं आणि शेवटापर्यंत चालवत नेलं. वादात हे भल्याभल्यांना जमत नाही. समोरच्यानं 'वेद फक्त आमचे' हा आग्रह सोडला नाही, तर वेदाच्या आधारे आम्हाला नीच ठरवण्याचा त्याचा हक्क जातो, कारण जे पुस्तक आमचं नाहीच त्याचे नियम आम्हाला कसे लागू होतील? आग्रह सोडला, तर पुस्तक उघडावं लागतं. दोन्ही दारं तिनं धरून ठेवली आहेत. यासाठी संस्कृत यावं लागत नाही. जे कानावर पडतं ते नीट ऐकावं लागतं आणि 'मग पुढे?' असं विचारावं लागतं.

त्यातली उपमाही बघा. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं ही कल्पना तिला पुस्तकात शोधावी लागलेली नाही. पंगत उठेपर्यंत बाहेर ताटकळणाऱ्या वस्तीतल्या मुलीला तो प्रसंग पाठ असणार. धर्मासारखी अमूर्त गोष्ट तिनं जेवणाच्या ताटावर आणून ठेवली.

गुलटेकडी

मग इतिहास येतो. बाजीरावाच्या राज्यात आम्हाला गाढवाइतकी तरी किंमत होती का, असं ती विचारते. लंगड्या गाढवाला मारून बघा, त्याचा धनी तुमची फजिती केल्याशिवाय राहणार नाही. मांग-महाराला मारू नका असं म्हणणारा मात्र कुणी नव्हता. त्या काळी मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं तिनं लिहिलं आहे. आमच्या जमिनी घेऊन मोठाल्या इमारती बांधल्या आणि आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून त्यांच्या पायांत पुरलं, असंही.

हे तिनं पाहिलेलं नाही, तिचा जन्मच पेशवाई बुडाल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला. हे ऐकलेलं आहे. इतिहासाचा अभ्यास करणारा म्हणेल की ऐकीव गोष्टी ताडून बघाव्या लागतात, आणि ते बरोबरच आहे. पण मांगवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या नातवंडांना कोणती पेशवाई सांगितली, याचा हा जवळजवळ समकालीन लेखी पुरावा आहे, आणि तसा दुसरा पुरावा दुर्मिळ आहे. त्या काळच्या पुण्याची दप्तरं लिहिणारे हात वेगळे होते. त्यांनी देणगी, दक्षिणा, खर्च, मुलुखगिरी सगळं टिपून ठेवलं. गुलटेकडीच्या बाजूनं लिहायला लेखणी मिळाली ती 1855 मध्ये, एका मुलीच्या हातात.

एक गोष्ट माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. तालीमखान्यापुढून जाण्याची शिक्षा मृत्यू, असं लिहिणारी मुलगी स्वतः तालमीच्या घरातली होती. लहुजींच्या आखाड्यात पेशवाई बुडाल्यानंतरच्या पुण्यात सगळ्या जातींची पोरं शिकायला येत होती. काल जिच्यासमोरून जाता येत नव्हतं, ती गोष्ट आज आमच्या अंगणात आहे, हा उलटफेर तिनं घरातच अनुभवलेला होता.

आणखी एक पीळ आहे. लहुजींचे वडील राघोजी 1817 च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूनं इंग्रजांशी लढताना पडले, असं सांगितलं जातं. त्याच घरातली मुलगी बाजीरावाच्या राज्याचा हिशेब मागते आणि इंग्रज सरकारला दयाळू, निःपक्षपाती म्हणते. आजच्या वाचकाला हे खटकतं. वर्गातही कुणीतरी विचारतंच, 'मग ती इंग्रजांच्या बाजूची होती का?' मी मुलांना म्हणते, तिच्यासाठी तुलना कशाची कशाशी होती ते आधी बघा. एका राज्यात रस्त्यानं जाता येत नव्हतं, दुसऱ्यात शाळेत बसता येतं. राघोजींची निष्ठा आणि मुक्ताचा राग या दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात. माणसांची घरं अशीच असतात.

याच भागात बाजीरावाच्या तोंडी घातलेलं एक वाक्य आहे. कुणा महार-मांगाला वाचता येतं असं कळलं तर तो म्हणे, यांना दप्तराचं काम देऊन ब्राह्मणांनी काय धोकट्या (न्हाव्याच्या पिशव्या) बगलेत मारून विधवांच्या हजामती करत फिरायचं? केवढं भरलंय या एका टोमण्यात. शिक्षणाला विरोध का, याचं धर्माशी संबंध नसलेलं, सरळ पोटापाण्याचं कारण तिनं सांगून टाकलं: दप्तरातली नोकरी जाईल. आणि जाता जाता ब्राह्मण घरातल्या विधवांचं केशवपनही त्यात आलं. या विधवांसाठी फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते 1863 मध्ये, या निबंधानंतर आठ वर्षांनी.

बाळंतपण

माझ्या मते निबंधाचा गाभा इथे आहे. पंडितांना ती सांगते की तुमचं स्वार्थी पांडित्य गुंडाळून एका बाजूला ठेवा आणि मी सांगते ते कान देऊन ऐका. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं. थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांना किती दुःख होत असेल, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? फुकट औषध देणारा असा कोणता वैद्य तुमच्यात होता?

वेदांबद्दलचा युक्तिवाद वयानं मोठा, शिकलेला माणूसही करू शकला असता. छपराचं वाक्य फक्त तिचंच असू शकतं. बाळंतिणीच्या खोपटात पावसात कोण बसलेलं असतं? घरातल्या पोरी. पाणी तापवायला, चिंध्या आणायला, लहान भावंडांना बाहेर धरायला. चौदा वर्षांच्या आत तिनं हे किती वेळा पाहिलं असेल.

त्या काळात बाळंतरोगापुढे वैद्यकशास्त्रही चाचपडत होतं. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरनं 1847 मध्ये दाखवून दिलं की प्रसूती करणाऱ्यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुतले की बाळंतज्वरानं होणारे मृत्यू झपाट्यानं घटतात. 1855 पर्यंत युरोपातल्याच बहुतेक डॉक्टरांनी ते मानलेलं नव्हतं. मुक्ताला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. पण तिनं त्याच आजाराला दुसरीकडून हात घातला: ओल, थंडी, पैसा, वैद्य दारात येतो की नाही. आज सार्वजनिक आरोग्य शिकवताना जे प्रश्न विचारले जातात, ते हेच.

त्यालाच लागून दगडांची गोष्ट आहे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून मांग-महाराच्या मुलाचं रक्त काढलं, तरी त्याचे आईबाप सरकारात फिर्याद करत नाहीत. का? उष्टं आणायला त्यांच्याच दारात जावं लागतं. हा जबाब वाचून माझ्या अंगावर काटा येतो, कारण तिनं आपल्याच माणसांच्या गप्प बसण्याचं कारण न लाजता, न झाकता सांगितलं आहे. कायदा आहे, कचेरी आहे, पण संध्याकाळची भाकरी त्याच दारात आहे. न्याय मागायला पोट भरलेलं लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हे तिनंच लिहिलं का

ही शंका येते आणि ती झटकून टाकू नये. 1855 मध्येच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं होतं. ब्राह्मण भिक्षुकांबद्दलचा राग, 'लाडूखाऊ' हा निबंधातला शब्द, विद्येवरचा भर, हे सगळं त्या शाळेच्या हवेतच होतं. छापणारं 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचं पत्र, 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. हिंदू धर्मावरची टीका छापायला ते तयार असणार हेही उघड आहे. ('तृतीय रत्न' ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेलं आणि नाकारलं गेलं. मुलीचा निबंध छापला गेला, गुरूचं नाटक राहिलं.)

पण शाळेचा वारा लागणं म्हणजे दुसऱ्यानं लिहून देणं नव्हे. कुठला विद्यार्थी आपल्या शिक्षकांचे शब्द उचलत नाही? बघायचं ते हे की उचललेल्या शब्दांत त्यानं स्वतःचं काय ओतलं. छप्पर, उष्टं, लंगडं गाढव या गोष्टी मांगवाड्यातून शाळेत गेल्या, शाळेतून मांगवाड्यात आल्या नाहीत. शिक्षक म्हणून जोतीराव-सावित्रीबाईंचं मोठेपण मला इथेच दिसतं. त्यांनी तिच्या लेखनातला राग गाळला नाही, उष्ट्याची गोष्ट 'शोभत नाही' म्हणून कापली नाही, आणि तिचा कागद वहीत पडू न देता छापखान्यापर्यंत जाऊ दिला.

शेवटी ती आपल्या लोकांकडे वळते. तुम्ही रोगी आहात, ज्ञानरूपी औषध घ्या, झटून अभ्यास करा, म्हणजे जनावरांसारख्या तुमच्या ज्या रात्रंदिवस हजेऱ्या घेतल्या जातात त्या बंद होतील. ही हजेरी पेशव्यांची नव्हती, चालू राज्यातली होती. इंग्रज सरकारला दयाळू म्हणणाऱ्या मुलीनं त्याच सरकारच्या अमलाखालची ही गोष्टही लिहून ठेवली. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून हजेरी लावणारा कायदा 1871 मध्ये आला, त्याच्या सोळा वर्षं आधी. आणि विद्येवरही तिनं डोळे मिटून भरवसा टाकलेला नाही. शाळेत शिकून सुधारलेले म्हणवणारे लोकदेखील कधीकधी अंगावर शहारे यावेत असं वागतात, हे तिनं लगेच पुढे जोडलं आहे.

तिच्याबद्दलची एक आठवण नेहमी सांगितली जाते. शाळेच्या बक्षीस समारंभाला मेजर कँडी आले होते. मोल्सवर्थच्या शब्दकोशांच्या कामातले हेच कँडी, मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते. खाऊ देऊ लागल्यावर मुक्ता म्हणाली, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. प्रसंग गोड आहे, फलकावर लिहिण्यासारखा आहे, आणि त्यामुळेच तो निबंधापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. मला वाटतं, तिला ओळखायचं तर निबंध वाचावा.

माझ्या वर्गात

मागच्या वर्षी हा निबंध आठवीच्या वर्गात दोन तासिका घेऊन वाचला. जुनी भाषा मुलांना जड गेली, चेंडू-दांडूपाशी मात्र वर्ग चिडीचूप झाला. मग मी निबंधाचा विषय दिला: घरातली एक अडचण, पुराव्यासकट. सजवून लिहायचं नाही, मोजून लिहायचं.

पहिल्या खेपेला अर्ध्या वह्यांत 'पाणी हे जीवन आहे' आलं. परत पाठवल्या. दुसऱ्या खेपेला वेगळं येऊ लागलं. एका मुलानं वडिलांच्या फवारणीच्या पंपाचं वजन आणि पाठीवरचे वळ लिहिले. एकानं आजीची पेन्शन काढायला तालुक्याला झालेले हेलपाटे आणि एसटीचं भाडं. एका मुलीनं लिहिलं की नळ पहाटे येतो, कधी येतो, कधी येत नाही, मग विहिरीवर जावं लागतं. एका हंड्यात पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचं वजन. सहा खेपा. आई चार, मी दोन. खाली एक ओळ होती: भावाला कुणी सांगत नाही.

वह्या परत देताना तिनंच विचारलं, 'मॅडम, हे तुमच्याशिवाय कोण वाचणार?' मला उत्तर देता आलं नाही. मुक्ताला मिळालेली आणि आमच्या मुलांना न मिळणारी गोष्ट तिनं नेमकी पकडली होती. मुक्ता लिहीत होती ते कुणीतरी वाचावं म्हणून. ज्यांच्याविषयी लिहिलं ते, ज्यांना सुनावलं ते, सगळ्यांनी. आमची मुलं दहापैकी गुणांसाठी लिहितात, आणि गुण देणारी एकटी मी.

म्हणून पुढच्या पालकसभेत पाच मुलांना आपापला निबंध वाचायला लावला. मुलं घाबरली होती, मीही. हंड्यांचा निबंध वाचून झाल्यावर मागे बसलेले ग्रामपंचायतीचे एक सदस्य उभे राहिले. म्हणाले, 'बाळ, हंड्यात पंधरा लिटर मावतात हे तू कशावरून लिहिलंस?'

ती म्हणाली, 'काका, डेअरीच्या मापानं मोजले. दोनदा.'